डोळा लागला तो होडीत

झोपेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! मी गाद्या विकतो. माणूस दुकानाची पायरी कसा चढतो, एवढ्यावरून मी सांगतो की हा कुशीवर झोपतो की पाठीवर, घोरतो की नाही, आणि घोरत असेल तर घरात कुणाकुणाची झोप मोडतो. हसू नका, आजवर एकदाही चुकलेलो नाही.

आमच्या दुकानाचा वडिलांपासूनचा एक नियम आहे. गादी बघता बघता गिऱ्हाईकाचा डोळा लागला, तर त्याला उठवायचं नाही! दिवे मंद करायचे, चपला हातात घेऊन चालायचं, फोन वाजला तर त्याच्यावर उशी ठेवायची. झोपलेलं गिऱ्हाईक म्हणजे झालेला सौदा. एकदा एक मास्तर दुपारी आडवे झाले ते संध्याकाळी उठले, "तास संपला का?" म्हणाले आणि दोन गाद्या घेऊन गेले.

आणि प्रत्येक गिऱ्हाईक जाता जाता एक प्रश्न हमखास विचारतं. "तुमच्या घरी कुठली गादी आहे हो?"

मी समोरच्या गादीवर थाप मारून सांगतो, "हीच! आमची ही पाठ टेकली की दुसऱ्या मिनिटाला गार!"

साफ खोटं. आता तुम्ही घरचेच म्हणून सांगतो, आमच्या हिला झोप येत नाही. लग्न झाल्यापासून मी हिच्याखाली कापूस घातला, काथ्या घातला, स्पंज घातला, स्प्रिंगा घातल्या. सकाळी डोळे लालभडक, आणि वर मलाच धीर, "गादी छान आहे हो. मीच मेली जागी राहते." दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात असा अंथरलेला आहे.

पण बायको माझी गुणी. जागीच आहोत तर निदान पळून यावं, म्हणून ती पहाटे पळायला लागली. पळून झोप येईना म्हणून सायकल, सायकलने येईना म्हणून तलावात होडी. जोडीला तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेहुणी. ती शाळेत खेळ शिकवते आणि घरीही शिट्टी गळ्यातच असते. त्या दोघींनी एका साहसी शर्यतीचा ध्यास घेतला. आधी टेकडीवरून धावायचं, मग होडी वल्हवत तलाव पार करायचा, मग पलीकडून सायकलीने घाट चढून, अख्ख्या तलावाला वळसा घालून परत यायचं. भाग जोडीनेच घ्यायचा, आणि रेषाही जोडीनेच ओलांडायची. एक जरी मागे राहिला तर दोघं बाद.

मागच्या वर्षी मेहुणीच्या सायकलचं चाक घाटात वाकडं झालं आणि दोघी टेम्पोतून परत आल्या. घरी आल्यावर बायको नुसती बूट धूत बसली. यंदा मात्र म्हणाली, "अहो, आयुष्यात एवढी एक गोष्ट मला पुरी करायची आहे. रात्रभर छताकडे बघताना मनात दुसरं काही येतच नाही."

आणि शर्यत तोंडावर असताना मेहुणीचा पाय मुरगळला. कुठे? माझ्या दुकानात! मी हौसेने नव्या गाद्यांची छताला टेकणारी चळत रचली होती. "भावजी, ही चढून दाखवू?" म्हणत ती चढली आणि चळतीसकट खाली आली. गाद्यांच्या दुकानात पाय मुरगळून घेणारी पहिली बाई म्हणून तिची कुठेतरी नोंद व्हायला हवी. प्लास्टर घालून ती सोफ्यावर बसली, शेजारी बायको बसली, आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय बघताय? मी आहे ना!" मी म्हणालो. जिभेला हाड नसतं, ते असं.

"तुम्ही?" दोघी एका सुरात.

"का? शर्यत म्हणजे शेवटी काय, तर दमणूक. आणि दमणुकीवर इलाज काय? विश्रांती! विश्रांतीत मला हरवणारा दाखवा. खेळाडू मैदानावर घडत नाही, गादीवर घडतो!"

त्या सिद्धान्ताप्रमाणे मी सराव सुरू केला. म्हणजे लवकर झोपलो, उशिरा उठलो, दुपारी पुन्हा झोपलो. बायको पहाटे टेकडीवरून येऊन बघायची, तर माझा सराव अजून चालूच असायचा.

शर्यतीच्या दिवशी धुकं असं होतं की स्वतःच्या हाताची बोटं ओळखीची वाटत नव्हती. तलाव दिसत नव्हता, टेकडी दिसत नव्हती, नुसते आवाज इकडून तिकडे फिरत होते. मेहुणीला कुबडीमुळे दुसरं काम नाही म्हणून शेवटच्या रेषेवर माइक दिला होता. तिचा आवाज धुक्यातून आकाशवाणीसारखा आला, "खेळाडूंनो, तयार व्हा! भावजी, बुटाची नाडी बांधा!"

मग शिट्टी वाजली. तुम्हीही अशा शर्यतीत उतरणार असाल तर ऐकून ठेवा. टेकडी चढताना पहिल्यांदा तुमचा उत्साह मागे राहतो, मग श्वास, मग स्वाभिमान, आणि शेवटी तुम्ही. दोन उंचेपुरे भाऊ, ज्यांना सगळे टोळ म्हणत, ते आमच्या शेजारून तीन-तीन दगड ओलांडत निघून गेले. बायको दर वळणावर माझ्यासाठी थांबायची. तोंडाने काही म्हणायची नाही, पण जागच्या जागी धावायची. ते बोलण्यापेक्षा वाईट.

"तू हो पुढे," मी कण्हलो.

"पुढे होऊन काय करू? जोडीनेच पोचायचंय ना?" ती म्हणाली आणि माझं मनगट धरून ओढायला लागली.

उतारावर मी धावलो नाही, मला उताराने नेलं. खाली एका ताईंनी आमच्या मनगटाला पिवळी फीत बांधली. एक टप्पा पुरा झाला की एक फीत, पिवळी, निळी आणि लाल. तीन झाल्या की शर्यत पुरी.

आता होडी. अरुंद, लांबट, दोघांनी मागेपुढे बसायची. बायको पुढे, मी मागे. काठ सोडला आणि काय सांगू, आवाजच संपले! वर पांढरं, खाली पांढरं, पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळेना. मला वाटलं, आपण पाण्यावर नाहीच, एका भल्यामोठ्या पिंजलेल्या कापसातून चाललोय. वल्ह्यावरून थेंब पडायचा तेवढाच टप् असा आवाज. एक बदक आमच्या बाजूने काही वेळ पोहलं आणि आपलं काम आठवल्यासारखं निघून गेलं.

"छान वाटतंय नाही?" बायको म्हणाली. आवाज जरा लांबून आल्यासारखा.

"हं," मी म्हणालो.

"असं वाटतं... काही करायलाच नको."

मग तिचं वल्हं हळू झालं, मग मांडीवर आडवं झालं. मान किंचित डावीकडे कलली, आणि माझ्या कानावर एक आवाज आला. बारीक, संथ, रेशमासारखा. इतकी वर्षं हजारो गिऱ्हाइकांचा ऐकला होता, पण हिचा कधीच नाही. बायको घोरत होती!

अहो, जिच्यासाठी मी गाव पालथा घातला, ती झोप हिला इथे, चिंचोळ्या होडीत, टणक प्लास्टिकवर लागली होती! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. धुक्यात कोण बघतंय, मी दोन्ही होऊ दिलं.

आता तुम्ही म्हणाल, उठवायचं ना! शर्यत चाललीय! मलाही ते कळत होतं. मी हात पुढे केलाही. तिच्या खांद्यापर्यंत नेला. पण वडिलांचा नियम हाडात मुरलेला. झोपलेल्याला उठवायचं नाही! थोडा वेळ झोपू दे, मग दुप्पट जोराने वल्हवू, असं म्हणून मी हात मागे घेतला. वल्ह्याचा आवाज नको म्हणून वल्हं उचलून आत ठेवलं. सवयीने बूटही काढायला लागलो होतो, तेवढ्यात होडी डगमगली म्हणून राहिलं.

मग होडी चालली. कुठे, ते होडीलाच ठाऊक. कधी वाटायचं आपण गोल फिरतोय, कधी वाटायचं तलावच आपल्याभोवती सरकतोय. पाण्याखालून कुणीतरी हळूच थोपटत असावं तशी होडी हलत होती. लग्नातला हिचा चेहरा आठवला, तेव्हाही जागरणाने डोळे लाल होते आणि मला वाटलं होतं, माहेर सोडताना रडली असेल. मी तिच्या पाठीकडे बघत बसलो. खरं सांगतो, त्या वेळी मला शर्यतीची आठवणसुद्धा नव्हती.

धक्!

होडी काठाला लागली. धुक्यातून माणसांची कुजबुज आली. मी म्हटलं, वा, न वल्हवता पलीकडे पोचलो! इथेच सायकली असणार. बायकोच्या दंडाला धरून मी तिला अलगद उतरवलं. ती डोळे मिटूनच उभी राहिली, माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि चालायला लागली. काठावरून वर आलो तर दोन्ही बाजूंना झेंडे, मधून रस्ता. चार पावलं चाललो तोच छातीला काहीतरी चिकटलं. कोळ्याचं जाळं असावं म्हणून मी ते दोन्ही हातांनी टराटरा फाडलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला!

"आली! पहिली जोडी आली!" कर्ण्यातून मेहुणी किंचाळली. "माझी ताई! माझी ताई पहिली आली! आणि... आणि भावजीसुद्धा!"

कोळ्याचं जाळं कसलं, मी शेवटच्या रेषेवरची फीत फाडली होती. वाऱ्याने आमची होडी पलीकडे नेण्याऐवजी शर्यत जिथे संपते त्या काठाला आणून लावली होती. म्हणजे सायकलीचा अख्खा टप्पा, घाट आणि वळशासकट, शिल्लक! आणि गळ्यात पदक पडलंसुद्धा. लोकांनी आम्हाला वेढा घातला. मी तोंड उघडलं, तर कुणीतरी त्यात केळं दिलं.

"थांबा, अहो, आम्ही..." मी केळ्यासकट म्हणालो.

"दमलेत बिचारे!" कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात बायकोने डोळे उघडले. समोर गर्दी, टाळ्या, गळ्यात पदक. तिने पदकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जी काही हसली! असं हसू मी आमच्या घरात कधी पाहिलेलं नव्हतं.

"झालं ना हो पुरं?" ती म्हणाली.

मेहुणीने माइक तिच्या तोंडाशी धरला. "ताई, बोल! कसं वाटतंय? घाट कसा होता?"

मी मनात म्हटलं, आता संपलं! आता ही म्हणणार, कसला घाट?

"घाट!" बायको म्हणाली. "अगं, जीव घेतला घाटाने. पण हे होते ना! अर्ध्यात माझी साखळी निसटली, तर यांनी स्वतःची सायकल टाकली आणि हाताने साखळी बसवून दिली. वरच्या चढाला मी म्हटलं, आता नाही जमत. तर एका हाताने माझी सायकल ढकलत वरपर्यंत आले! आणि म्हणतात कसे, 'राणी, मी आहे मागे.'"

आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिने उरलेली शर्यत झोपेत पुरी केली होती! घाट, साखळी, चढ, सगळं! आणि त्या स्वप्नात मीही होतो. पण केवढा वेगळा! मी सायकलची साखळी आयुष्यात बसवलेली नाही. आणि 'राणी'? मी हिला 'ऐकलंस का' याच्या पुढे कधी गेलेलो नाही.

बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. नवरे रागाने बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "असा जोडीदार मिळायला भाग्य लागतं." आणि मी, खोटं कशाला बोलू, मी जरा ताठ उभा राहिलो. स्वप्नातला का होईना, मीच होतो ना तो!

तेवढ्यात धुक्यातून दोन सायकली सुसाट आल्या. टोळ! घामाने निथळत, हात वर करून आले, आणि फाटलेली फीत बघून जागीच थिजले.

"आमच्या पुढे तर कुणीच नव्हतं!" थोरला टोळ म्हणाला.

"घाटात कुणी दिसलं नाही," धाकटा म्हणाला.

"दिसणार कसे? धुकं होतं!" बायको म्हणाली. तिला शंकासुद्धा नव्हती.

मग शर्यतीचे पंच पुढे आले. बुटके, मिशाळ, आणि मिशीपेक्षा शिस्त मोठी. त्यांनी माझं मनगट उचललं. "पिवळी आहे. निळी कुठाय? लाल कुठाय?"

"पडली असेल," मेहुणी म्हणाली.

"चारच्या चार फिती पडल्या? दोघांच्याही?" पंचांनी डोळे बारीक केले. "साहेब, तुम्ही सांगा. घाट चढलात की नाही?"

बायको माझ्याकडे बघत होती, अजून हसत होती. 'हो' म्हणालो तर टोळांचं पदक जातं आणि मी चोर ठरतो. 'नाही' म्हणालो तर हिचं ते हसू जातं, आणि स्वप्नातला तो साखळीवाला नवराही जातो. आणि मग तिच्या गालावर लाइफ जॅकेटच्या पट्ट्याचा वळ दिसला. झोपेचा वळ, लहान मुलांच्या गालावर असतो तसा. हिने एक गोष्ट पुरी करायची म्हणून किती रात्री छताकडे बघितलं होतं! ती गोष्ट मी हिला नुसती स्वप्नातली कशी देऊ?

"नाही चढलो," मी म्हणालो. माइक चालूच होता, सगळ्या तलावाने ऐकलं. "ही होडीत झोपली. मी उठवलं नाही. ही गेली कित्येक वर्षं झोपलेली नाही हो! मला उठववेना."

बायकोचं हसू हळूहळू विझलं. "म्हणजे... साखळी?"

"नाही बसवली."

"आणि चढ?"

"नाही."

"राणी?"

मी केळ्याच्या सालीकडे बघितलं.

तिने पदक काढलं, थोरल्या टोळाच्या गळ्यात घातलं आणि पंचांना विचारलं, "शर्यत अजून चालू आहे ना?"

"आहे की! शेवटची शिट्टी मी वाजवेपर्यंत."

"मग चला!" ती माझ्याकडे वळली. "बघत काय राहिलात? वल्हं घ्या!"

पुढचं तुम्हाला काय सांगू! झोप झालेली बायको म्हणजे काय प्रकरण असतं, हे मला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं. होडी पाण्यावरून नाही, पाण्याच्या वरून चालली होती. मी मागून वल्हं मारत होतो की नुसता हवा घालत होतो, मला ठाऊक नाही. पलीकडे निळी फीत बांधून होईपर्यंत तिने दोन्ही सायकली काढल्या होत्या. घाटात साखळी निसटली, पण माझी, आणि बसवली तिने. वरच्या चढाला मी सायकलवरून उतरून रस्त्यावरच बसलो आणि म्हणालो, "मला इथेच सोड."

"उठा!" ती म्हणाली. "तुमच्या दुकानाचा नियम माझ्यापाशी चालायचा नाही!" आणि मला सायकलीवर बसवून एका हाताने ढकलत वर नेलं. ढकलता ढकलता कानाशी पुटपुटली, "राजा, मी आहे मागे." ते प्रेमाने की चिडून, हे विचारायला माझ्यात श्वास नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा धुकं कधीच विरलं होतं. मंडप उतरला होता, झेंडे गुंडाळले होते, कर्ण्याची बॅटरी संपली होती. पंच मात्र शिट्टी ओठांत धरून, गाल फुगवून, आमच्याकडे बघत उभे होते. आम्ही हातात हात घालून रेषा ओलांडली, तेव्हाच ती वाजली. मेहुणी नुसत्या गळ्याने ओरडली, "शेवटची जोडी आली हो!" आणि कुबडी टाकून बायकोच्या गळ्यात पडली. फीत नव्हती, म्हणून टोळांनी आपल्या बुटांच्या नाड्या बांधून धरल्या होत्या. बायकोने ती नाडी छातीने तोडली आणि ढसाढसा रडली. पदक पुन्हा गळ्यात आलं, शेवटच्या जोडीचंही तसंच असतं. तसलं हसू मी त्या दिवशी दुसऱ्यांदा पाहिलं, आणि या वेळी ते पुसायला कुणी आलं नाही.

घरी आल्यावर मला वाटलं, आता दमून तरी झोपेल. मी दुकानातली सगळ्यांत भारी गादी आणून अंथरली. सकाळी पाहतो तर डोळे लालभडक! "गादी छान आहे हो," ती म्हणाली.

मग काय करणार? तलावावरच्या माणसाकडून ती होडी मी मागून आणली. पलंग बाहेर काढला, होडी आत ठेवली. आता बायको त्यात आडवी होते आणि पाच मिनिटांत तो रेशमी आवाज सुरू होतो. अट एकच, कुणीतरी मागून होडी हलवत राहायला हवी. त्या कामाला आमच्या घरात माणूस मीच आहे.

त्यामुळे दुकानात हल्ली दुपारी माझाच डोळा लागतो. गिऱ्हाइकं बिचारी चांगली आहेत. दिवे मंद करतात, चपला हातात घेतात आणि आल्या पावली निघून जातात. परवा एकजण मात्र मी जागा होईपर्यंत थांबला. गादी पसंत केली आणि जाता जाता विचारलंच, "तुमच्या घरी कुठली आहे हो?"

मी म्हणालो, "तुम्हाला पोहता येतं का?"